न पुसलेली भिंत

सोनवणेबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की बसायच्या आधी विचारत, "तुमचा संडास कुठं आहे?"

ऐकणाऱ्याला वाटे, बाईंना घाई असेल. तो जिन्याकडे हात करी. बाई वर जात. पाणी सोडून ते कसं जातं ते ऐकत, खिडकी उघडते का बघत, आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतीला पालथा पंजा टेकवून थोडा वेळ उभ्या राहत. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. मग खाली येऊन खुर्चीत बसत आणि म्हणत, "हं. आता चहा चालेल."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते दिवाळीच्या फराळाला. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं होती. मी बर्मिंगहॅमला शिकायला नुकतीच आले होते आणि कुणीतरी ओळखीतून मला शहराबाहेरच्या एका मराठी डॉक्टरांच्या मोठ्या घरी नेलं होतं. घरात गालिचे इतके मऊ की पाय कुठं ठेवावा कळेना. मी भिंतीला टेकून हातातली बशी सांभाळत उभी होते. तेवढ्यात जिन्यावरून एक ठेंगणी, सत्तरीच्या आसपासची बाई उतरली. सुती साडी, वर करडा कार्डिगन, पांढरे केस घट्ट बांधलेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती यजमानीणबाईंना म्हणाली, "वहिनी, तुमच्या वरच्या बाथरूमचा पंखा बंद पडलाय. छताचा कोपरा काळा पडायला लागलाय. मुलगा शेजारच्या खोलीत झोपतो ना?"

"अहो सिस्टर, आज दिवाळी आहे," वहिनी कसंबसं हसत म्हणाल्या.

"मग? लक्ष्मी काय नाक दाबून येते?"

माझ्यामागं कुणीतरी पुटपुटलं, "आल्या इन्स्पेक्टर." थोडे लोक हसले. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. एक चकली उचलून त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू नवीन दिसतेस. कुठली?"

"इचलकरंजीची."

"राहतेस कुठं?"

मी सांगितलं. एका घराच्या तळघरात खोली घेतली होती.

"भिंतीला हात लावून बघितलास का?"

मी नाही म्हणाले. भिंतीला हात लावून बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. शनिवारी बाई स्वतः आल्या, माझ्या खोलीच्या भिंतीला हात लावला, गादी उचलून खालची बाजू मला दाखवली आणि म्हणाल्या, "बॅग भर." त्यांच्या घरात एक खोली रिकामी होती. मी त्या दिवसापासून शिक्षण संपेपर्यंत तिथंच राहिले.

बाई नोकरीला हेल्थ व्हिजिटर होत्या. म्हणजे सरकारी दवाखान्याकडून नव्या बाळंतिणींच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ते पितं कसं, झोपतं कसं, श्वास कसा घेतं ते बघायचं. साठच्या दशकात मुंबईत नर्सिंग शिकून त्या एकट्याच इथं आल्या आणि निवृत्त होईपर्यंत याच भागातल्या घरांचे जिने चढत राहिल्या. त्यांचं लग्न झालं नव्हतं. त्याबद्दल विचारलं की म्हणत, "वेळच झाला नाही," आणि विषय संपे. गल्लीतले गोरे, काळे, पंजाबी, पाकिस्तानातले मीरपुरी सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कित्येकांना त्यांनीच तागडीत घातलेलं होतं.

त्या सांगत, "पहिल्या पहिल्यांदा मी नुसती बाळं बघायचे. खोकला आहे, औषध दिलं, पुढच्या महिन्यात परत खोकला. मग एकदा पाळणा हलवला आणि मागची भिंत बघितली. त्या दिवसापासून आधी भिंत, मग बाळ."

ज्या घरात आम्ही राहत होतो त्या ओळीचं नाव क्लॅरा टेरेस. आठ घरं एकमेकांना चिकटून, लाल विटांची, मधल्या दोन घरांच्या वर दगडात नाव कोरलेलं. बांधणाऱ्याच्या मुलीचं नाव असावं, असं बाई म्हणत. राणी व्हिक्टोरियाच्या काळात कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली घरं. तेव्हा संडास मागच्या अंगणात होते, नंतर कधीतरी मागं विटांची एक-एक खोली जोडून ते आत घेतले. पण अंगणांच्या खालून जाणारं गटार तेच राहिलं. मातीच्या नळ्यांचं एकच गटार, पहिल्या घरापासून आठव्या घरापर्यंत, आणि तिथून पुढं रस्त्याच्या गटाराला. एकाच्या घरातलं पाणी सातजणांच्या अंगणाखालून जायचं.

माझा विषय सार्वजनिक आरोग्य. प्रबंधासाठी मी व्हिक्टोरियन काळातल्या अशाच एका गरीब वस्तीची सुधारणा निवडली होती. दिवसभर मी लायब्ररीत बसून वाचायचे: शोषखड्डे कसे बुजवले, हवा न शिरणारी आतली घरं कशी पाडली, घराघरातून नळ कसा आला, पटकी कशी कमी झाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील यंत्रमागावर होते. पुस्तकात छापलेलं सगळं मला खरं आणि पूर्ण झालेलं वाटायचं. मी बाईंना मोठ्या उत्साहानं सांगायचे, त्या काळच्या सुधारकांनी काय काय केलं.

बाई कणीक मळत ऐकून घेत. एकदा म्हणाल्या, "बांधलं, चांगलं केलं. आणि गेले. गटार म्हणजे काय देव आहे का, एकदा बसवला की झालं? त्याच्याकडं रोज बघावं लागतं."

ज्या गटारांबद्दल मी वाचत होते त्यातलंच एक आमच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर होतं, हे माझ्या तेव्हा कुठं लक्षात आलं.

बाईंच्या घराचे नियम कडक होते. जानेवारीतसुद्धा सकाळी सगळ्या खिडक्या उघडायच्या. मी शाल गुंडाळून कुडकुडत बसे, त्या म्हणत, "घराला श्वास घेऊ दे, मग तू घे." भांड्यावर झाकण असल्याशिवाय काही उकळायचं नाही. ओले कपडे हीटरवर टाकायचे नाहीत. आणि एक गोष्ट मात्र त्या मला करू देत नसत. स्वयंपाकघराची मागची भिंत रोज सकाळी त्या स्वतः पुसत. मी उठायच्या आधी. मला जाग यायची ती ब्लीचच्या वासानं. खाली येईपर्यंत भिंत पांढरी, फडकं धुऊन वाळत घातलेलं. पहिल्यांदा मला वाटलं, स्वच्छतेची सवय. मग सुट्टीत एकदा लवकर उठून खाली आले तेव्हा भिंत दिसली. फरशीपासून कमरेपर्यंत हिरवट काळी. बाई गुडघ्यावर बसून ती पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा पुसायला लागल्या. मीही वर निघून गेले.

गल्लीत सगळ्यांची समजूत होती की सिस्टरचं घर कोरडं आहे.

आमचं घर सातवं. आठव्या, शेवटच्या घरात नसीम राहायची. नवरा तारिक टॅक्सी चालवायचा, सासू घरात, आणि सना नावाची चार वर्षांची मुलगी. जोराचा पाऊस झाला किंवा सगळ्यांनी एकदम पाणी सोडलं की जुन्या गटारातून पाणी पुढं जायचं नाही. ते उलटं वर यायचं, आधी नसीमच्या अंगणात, मग आमच्या. आणि त्याबरोबर सगळ्या ओळीचं जे काही असेल ते. सनाला दमा होता. मुलगी दिसायला इतकी बारीक की तिचा खोकला तिच्याहून मोठा वाटायचा.

त्या नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस लागला आणि पाणी नसीमच्या स्वयंपाकघरात शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात ॲम्ब्युलन्स आली. सनाला मास्क लावून बाहेर नेताना मी पाहिलं. तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती रडत नव्हती, रडायला श्वासच नव्हता. ती बरी होऊन परत आली, पण डॉक्टरांनी नसीमला सांगितलं की हिला त्या घरात ठेवू नका. नसीम बाईंना म्हणाली, "सिस्टर, कहाँ ले जाऊँ? यही तो घर है."

त्याच सुमाराला कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, एक योजना निघाली. आमच्या भागातली एक जुनी ओळ निवडून तिची सगळी घरं एकदम दुरुस्त करायची. छपरं, बाहेरच्या भिंती, मागचं गटार. एकेका घरमालकाला हे करणं शक्यच नव्हतं, कारण गटार सगळ्यांचं मिळून होतं. कुठली ओळ घ्यायची ते कौन्सिलचा अधिकारी घरं बघून ठरवणार होता. बाईंनी अर्ज केला, फोन केले, आणि पार्किन नावाच्या तरुण अधिकाऱ्याची तारीख मिळवली. मग घरोघर जाऊन सांगितलं, "मंगळवारी साहेब येतोय. घरी राहा. त्याला सगळं दाखवा."

एवढं सांगून बाईंना वाटलं, काम झालं. आणि तिथंच चूक झाली.

घरी साहेब येणार म्हटल्यावर आपली माणसं काय करतात? शनिवारपासून अख्खी ओळ साफसफाईला लागली. तारिकनं सुट्टी घेऊन स्वयंपाकघराला पांढरा रंग दिला. मधल्या घरातले गुरदयाल सिंग पूर्वी भट्टीवर कामाला होते. त्यांनी अंगणातल्या गटाराच्या झाकणावर फुलांच्या कुंड्या मांडल्या. पहिल्या घरातल्या मिस डॅफ्नी जमैकाच्या, त्यांनी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली होती. त्यांनी ओल आलेल्या भिंतीवर नवा पडदा लावला आणि केक भाजला. कुठं उदबत्ती, कुठं सामोसे. मंगळवारी पार्किन एकामागून एक घर बघत गेला आणि प्रत्येक घरात त्याला पुढच्या खोलीत बसवून खाऊ घातलं. नसीमच्या सासूनं तर त्याला स्वयंपाकघरात जाऊच दिलं नाही. "मेहमान किचन में नहीं जाते, बेटा."

आमच्या घरी तो मागपर्यंत आला. बाई त्याला भिंतीजवळ घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हात लावून बघा." त्यानं बोटांची टोकं लावली. भिंत गार होती, पण पांढरी होती. सवयीनं, रोजच्यासारखी, बाईंनी ती सकाळीच पुसली होती.

दारात निरोप घेताना तो अगदी मनापासून म्हणाला, "मिसेस सोनवणे, किती छान ठेवली आहेत तुम्ही सगळ्यांनी घरं. खरं सांगतो, पलीकडच्या रस्त्यांची हालत याहून फार वाईट आहे."

दार लागल्यावर बाई बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आमच्या पुढच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली. बाईंना मी तोवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही, पण प्रत्येकाकडे एकेक करून बघितलं.

"रंग दिलास, तारिक? पोरीच्या छातीला पण रंग देणार आहेस का?"

नसीम हळूच म्हणाली, "अम्मी बोलीं, गोरा देखेगा तो कहेगा, ये लोग गंदे हैं."

"आणि कुंड्या, सिंगसाहेब?"

गुरदयाल सिंग दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "सिस्टर, ढक्कन अच्छा नहीं लग रहा था."

तेव्हा कोपऱ्यातून मिस डॅफ्नी बोलल्या. बाईंना असं बोलायची हिंमत गल्लीत त्यांनाच होती, दोघी एकाच वयाच्या. "आणि तुझी भिंत, डार्लिंग? मी दुपारी तुझ्याकडे आले तेव्हा ब्लीचनं माझे डोळे चुरचुरले. रोज पुसतेस ना? किती वर्षं?"

बाई उठल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या. चहा झाला, माणसं गेली, बाईंनी कप धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कसल्याच वासानं नाही.

खाली आले. बाई ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या, भिंतीकडे पाठ करून. फडकं जागेवर होतं, कोरडं. मी भिंतीकडे बघितलं आणि त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "मी काल, सगळे यायच्या आधी, फोन केला होता त्याला. म्हणाला, परत सगळी ओळ बघता येणार नाही, एखादं घर बघून जातो. तेही नवीन वर्षानंतर. नसीमकडं आता काय दिसणार, ओला रंग? माझंच दाखवावं लागेल."

"चालेल की," मी म्हणाले.

"तुला चालेल. तू पोर आहेस." मग थांबून म्हणाल्या, "वास येईल. तुला नको वाटलं तर दुसरी खोली बघून देते."

मी नको म्हटलं.

नाताळ आला, गेला. भिंत आधी राखाडी झाली, मग हिरवी, मग खालून वर काळी चढत गेली. मी लायब्ररीतून आले की बाई पुढच्या खोलीत बसलेल्या असत. पूर्वी त्यांचा सगळा दिवस स्वयंपाकघरात जायचा, आता त्या तिथं कामापुरत्याच जात. भिंतीच्या बाजूची खुर्ची त्यांनी उचलून बाहेर ठेवली. एकदा कुणी मराठी ओळखीचे अचानक दारात आले तर बाईंनी त्यांना आत न घेता, कोट चढवून, बाहेर फिरायला नेलं. दोनदा मी त्यांना हातात फडकं घेऊन भिंतीसमोर उभं राहिलेलं पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी ते परत ठेवलं.

एका रविवारी, मी पोळ्या लाटत असताना, त्या आपणहून बोलल्या. "माझी आई सोलापूरला म्युन्सिपाल्टीच्या कामावर होती. कसल्या कामावर ते तुला सांगायला नको."

मी मान हलवली.

"लोकांच्या मागच्या दारानं जायची, बादली घेऊन. पुढच्या दारानं तिला कुणी कधी बघितलंच नाही. आणि आमचं घर कसलं होतं सांगू? पत्र्याचं होतं, पण जमिनीवर भात वाढावा आणि खावा. कामावरून आली की घर सारवायची. मला म्हणायची, लीला, आपल्या घरात कुणाला घाण दिसता कामा नये. दुसऱ्यांच्यात दिसली तर माणसं म्हणतात घाण आहे. आपल्यात दिसली तर म्हणतात, माणसं घाण आहेत." त्या तव्याजवळ आल्या. "नसीमची सासू तेच म्हणाली. मी तिला काय बोलणार होते?"

पोळी तव्यावर करपली. बाईंनी ती उलटली.

पार्किन यायच्या आदल्या दिवशी बाई पुन्हा घरोघर गेल्या. या वेळी सांगणं वेगळं होतं. "रोज सकाळी सगळे एकदम आंघोळी करता, तेव्हा मागं जे होतं ते त्याला दहा वाजता दिसलं पाहिजे. खोटं काही करायचं नाही. फक्त वेळ बदलायची."

गुरदयाल सिंग म्हणाले, "सिस्टर, मैं दो बार नहाऊँगा."

"एकदाच. नीट."

सकाळी पाऊस होताच. बाईंनी त्यांची चांगली, मोरपंखी काठाची साडी नेसली. मला वाटलं पुढच्या खोलीत बसतील. पण पार्किन दारात आल्यावर त्या त्याला घरात न घेता दोन घरांच्या मधून आरपार काढलेल्या बोळातून मागच्या बाजूला घेऊन गेल्या. त्यांनी त्याला मागच्या दारानं आत आणलं. चहाचं विचारलं नाही. इंग्रज माणसं पाहुणा आला की घर पसरलंय, माफ करा असं म्हणतात, तसलंही त्या काही बोलल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "मी पुसलेलं नाही. बघा."

पार्किन बघत राहिला. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. तो चांगला मुलगा होता. "हे कधीपासून असं आहे, मिसेस सोनवणे?"

"पहिल्यापासून. तुम्ही गेल्या वेळी आलात तेव्हाही होतं. मी सकाळी पुसलं होतं."

"रोज पुसता?"

"रोज."

मग बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यानं बोटं पुढं केली होती, त्यांनी त्याचा हात वळवून पालथा केला आणि काळ्या भिंतीला टेकवला. "असं. आता थांबा." तो थांबला. काही वेळानं त्यानं हात काढला तर तो ओला होता.

त्याच वेळी ओळीच्या वरच्या टोकाच्या घरांमधून पाणी सुटल्याचा आवाज यायला लागला. जमिनीखालून घुरघुर आली आणि अंगणातल्या झाकणाच्या कडेनं पाणी वर आलं. ते कसलं होतं हे सांगायची गरज नव्हती. ते पसरत मागच्या दाराच्या पायरीला लागलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडून नसीम मोठ्यानं म्हणाली, "सिस्टर, इधर अंदर आ गया." आणि सना खोकायला लागली. मध्ये एक विटेची भिंत होती तरी आम्हा सगळ्यांना तो खोकला स्वच्छ ऐकू आला.

पार्किननं विचारलं, "ती मुलगी किती वर्षांची आहे?"

बाई म्हणाल्या, "चला, दाखवते. आता ती सासू तुम्हाला अडवणार नाही."

नसीमच्या सासूनं दार उघडलं तेव्हा तिचा पाय पाण्यात होता. तिनं बाईंच्या साडीच्या काठाकडं बघितलं. तो खाली पाण्यात भिजला होता. ती बाजूला झाली.

तो गेल्यावर बाई घरात आल्या आणि जिन्यावर माझ्या शेजारी बसल्या. साडी बदलली नाही. मी म्हणाले, "मी चहा करते." त्यांनी मान हलवली. मी चहा करून आणला तोवर त्या तशाच बसलेल्या होत्या, स्वयंपाकघराच्या दारातून भिंतीकडं बघत. म्हणाल्या, "आईनं बघितलं असतं तर तिनं मला मारलं असतं." आणि चहा घेतला.

मी विचारलं, "आता पुसू का मी?"

"राहू दे. फोटो काढायला परत येणार आहेत."

फेब्रुवारीच्या शेवटी पार्किन स्वतः सांगायला आला. योजनेत क्लॅरा टेरेस घेतली होती. या वेळी तो पुढच्या दारानं आला आणि बाईंनी त्याला चहा दिला. गल्लीत पेढे, लाडू, केक सगळं एकाच दिवशी वाटलं गेलं. बाई सगळ्यांना म्हणत होत्या, "अजून खणलं नाही त्यांनी. खणू दे, मग खा." पण खात होत्या.

खणायला सुरुवात व्हायला उन्हाळा उजाडला. कामगारांनी आधी मागची अंगणं वेगळी करणाऱ्या सगळ्या भिंती पाडल्या, कारण गटार सलग होतं. पहिल्या घराच्या दारातून आठव्या घराचं दार दिसायला लागलं. मध्ये लांबच लांब चर, आणि चरावर टाकलेल्या फळ्या. इतकी वर्षं शेजारी राहिलेली माणसं फळ्यांवरून एकमेकांकडं जायला लागली. बाई फळ्यांवरून दिवसातून कितीतरी वेळा जात. पायात काळे रबरी बूट, साडीचा काष्टा मारल्यासारखा ओचा वर खोचलेला. फोरमनला त्यांनी पहिल्याच आठवड्यात जेरीस आणलं. नळीला उतार पुरेसा आहे का, सांधा नीट बसला का, हे त्या सारखं विचारत. तो वैतागे, पण उत्तरं देई.

माझं शिक्षण संपलं. प्रबंध जमा केला. मी परत निघाले त्या दिवशी बाईंनी सकाळीच निरोप दिला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रडायचं नाही. इचलकरंजीत घरी पोचलीस की आधी मागच्या बाजूला जाऊन बघ, मग फोन कर." आणि मला पाया पडू न देता आत निघून गेल्या. त्यांना मागं काम होतं.

तारिक मला विमानतळावर सोडणार होता. सामान गाडीत टाकून तो म्हणाला, दोन मिनिटं आहेत. मी बोळातून मागं गेले. कुणाला हाक मारली नाही, बोळाच्या तोंडाशीच उभी राहिले.

नवी नळी बसून झाली होती आणि तिच्यातून पाणी नीट जातं का ते बघत होते. फोरमननं बादलीत हिरवा रंग कालवून दिला होता. बादली बाईंच्या हातात होती. त्या मिस डॅफ्नीच्या अंगणात, ओळीच्या वरच्या टोकाला, नळीच्या उघड्या तोंडाशी उभ्या होत्या. खालच्या टोकाला नसीम गुडघ्यावर बसून आत वाकून बघत होती आणि सनानं तिच्या ओढणीचं टोक धरलं होतं. मधल्या दारांत माणसं उभी होती. गुरदयाल सिंगांनी पगडी बांधलेली नव्हती, नुसता फडका गुंडाळून ते आंघोळीतूनच बाहेर आल्यासारखे दिसत होते.

बाईंनी बादली ओतली.

बराच वेळ काही झालं नाही. मग खालून नसीम म्हणाली, "आ गया, सिस्टर. हरा पानी आ गया. सारा जा रहा है." सनाही वाकून बघायला लागली.

माणसं टाळ्या वाजवायला लागली. फोरमन बाईंना म्हणाला, "झालं समाधान, बॅब?" बर्मिंगहॅमला बायकांना आपुलकीनं असंच म्हणतात.

समोर गाडीचा हॉर्न वाजला, मला निघायला हवं होतं. बाईंनी मोकळी बादली उचलली, फळीवरून चार पावलं चालत नळापाशी गेल्या आणि ती पुन्हा भरायला लावली.